दिवस चौथा

रुवीत तिसऱ्या मजल्यावर, ऑगस्टात,
खिडकीची काच हाताला भाजते.
बाहेर काळे नागडे डोंगर,
कधीकाळी वितळलेले, आता नुसते तापणारे.
आत एसी एकोणीसवर, आणि मी
पुढच्या जूनसाठी आइसलँडचे नऊ दिवस
एकाखाली एक लावते आहे.

गिऱ्हाईक: झुवैना बिन्त खलफान, वय एकाहत्तर,
सोबत नातू मुंधिर, एक मदतनीस बाई,
गुडघे दोन, त्यातला एक स्टीलचा.
बजेटच्या रकान्यात नातवाने लिहिलंय: विचारू नका.

म्हणून विचारत नाही.
लाव्हाच्या पठारावर काचेच्या छताची खोली.
खोलीला स्वतःचं गरम पाण्याचं कुंड,
आडोशासह, फक्त बायकांसाठी.
कोकराचं मटण हलाल, याची लेखी हमी.
काळ्या वाळूवर उंच चाकांची जीप,
ड्रायव्हर कमी बोलणारा.
चौथ्या दिवशी हेलिकॉप्टर,
हिमनदीवर उतरेल, पंचेचाळीस मिनिटं थांबेल.
आणि खुर्ची. आजींना बर्फावर बसायला खुर्ची,
पाय रुतणार नाहीत अशी.

मधूनच त्यांचा फोन येतो.
"या बिन्ती, तिथे मगरिब किती वाजता?"
मी तक्ता उघडते. जूनमध्ये सूर्य
मध्यरात्री टेकतो, आणि डोळा लागायच्या आत उठतो.
रात्र म्हणावी असं काही होतच नाही.
इशा कधी, फजर कधी, कुठल्या फटीत बसवायची?
विचारून सांगते, म्हणते मी.
त्या हसतात. "मी विचारलंय.
मक्केचं घड्याळ चालतं म्हणे. तू फक्त
पडदे जाड आहेत का ते बघ."

मी बर्फ पाहिला तो मिरकरवाड्यात.
फळीवरून घसरत येणाऱ्या लाद्या,
गोणपाट, भुसा, डोळ्यांत जाणारा अमोनिया.
दादा लादी खांद्यावर घ्यायचे,
यंत्रात टाकायचे, चुरा होड्यांच्या पोटात.
संध्याकाळी त्यांची बोटं दुसऱ्या कुणाची असायची,
पांढरी, सुरकुतलेली,
आणि चहाची बशी ते तळहातांनी धरायचे.
बर्फ बघायचा नसतो आमच्याकडे.
तो सुरमईसाठी असतो.

शुक्रवारी त्यांना हिमनदीचा फोटो पाठवला.
दुपारी फोन. "किती टनाचा?"
म्हटलं, मोजत नाहीत.
बराच वेळ गप्प. मग: "आणि मासळी कुठाय?"
मासळी नाही, दादा. लोक नुसते बघायला जातात.
"नुसते?"
नुसते. उभे राहतात. आमच्या बाई तर बसणार आहेत.

मग ते कामाचं बोलले,
नव्या पोऱ्याशी बोलायचे तसं:
"पांढरा दिसला तर घाईत गोठलेला, बाय,
पोटात वारा असतो त्याच्या, भार टाकू नये.
निळसर दिसला तर सावकाश जमलेला, तो टिकतो.
आणि ओल्या हाताने शिवू नका म्हणावं,
कातडी धरून ठेवतो."

रात्री साडेआठला फाइल पुरी झाली.
रियालचा आकडा दोनदा तपासला, शून्यांवर बोट ठेवून.
चौथ्या दिवसाखाली, हेलिकॉप्टर आणि खुर्चीनंतर,
अरबीत एक बारीक ओळ घातली:
शक्यतो निळ्यावर बसावे. हात कोरडे ठेवावेत.

मुंधिरचा मेसेज आला: उत्तम.
ही सूचना कुणाची? तिथला कुणी माहीतगार आहे का आपला?

एसी बंद केला. काच अजून कोमट होती.
लिहिलं, आहे.
चाळीस वर्षं बर्फातच काढलीत त्यांनी.